ठमीच्या केसपेपरवरची शेळी

रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कुणी काही सांगायला लागलं की मनात पहिला प्रश्न येतो, कागद कुठे आहे? किश्श्यांना कागद नसतो, म्हणून ते साठत जातात. कागद निदान वाळवी खाते. किश्श्यांना तीही तोंड लावत नाही.

ऑफिसातले किस्से मी रिटायर होताना ऑफिसातच ठेवून आलो. घरी शांतपणे वाचत बसायचं ठरवलं होतं. पण एका मांजरानं पाच-सहा महिन्यांत इतके किस्से जमवून दिले की तेवढे चौतीस वर्षांत साहेबलोकांनीही दिले नव्हते. मांडवीच्या कट्ट्यावर सांगतो तेव्हा लोक हसतात. नेमके कुठे हसतात, ते मी लक्षात ठेवतो.

*

दोन हजार दोन सालची गोष्ट. आमचं घर आणि हसनभाईंचं घर यांच्यामध्ये जांभ्याचा गडगा आहे. गडगा म्हणजे कमरेएवढी दगड रचून केलेली भिंत. हसनभाई तीस वर्षं जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. आता त्यांच्या ताब्यात खैरूनभाभी, दोन मांजरं आणि एक पडवी एवढंच उरलेलं.

त्या गडग्यावर एक नारळाची करवंटी असायची. मासे साफ केले की दोन्ही घरांतून डोकी-शेपट्या त्या करवंटीत. आळीतली सगळी मांजरं तिथे जेवायची. त्यातली एक तिरंगी मांजरी आमच्या घरात झोपायची. आमच्याकडे तिचं नाव ठमी. गडग्यापलीकडे तिचं नाव शहजादी.

आमची ही म्हणायची, "ठमी फार कमी खाते हो." खैरूनभाभी म्हणायच्या, "शहजादीचं पोट नाजूक आहे." दोन घरचं मिळून ती बैलाएवढं खात होती!

आळीत तात्या राहतात. माझ्याच ऑफिसातले हेडक्लार्क, माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झालेले. त्यांच्याकडे पाहुणा आला की तात्या त्याला गडग्यापाशी आणून करवंटी दाखवायचे. "बघा! एका करवंटीत हिंदूंची डोकी, मुसलमानांच्या शेपट्या! हे आमचं रत्नागिरी!"

पाहुणे मान डोलवायचे. मांजरं खात राहायची.

*

गणपती झाले आणि ठमीनं बांगड्याकडे पाठ फिरवली. ही घाबरली. आमचा मुलगा मुलुंडला असतो, वर्षातून एकदा येतो आणि आला की टीव्हीशी बोलतो. हिच्याशी बोलणारं घरात ठमी एवढंच. माझी गणना ही बोलणाऱ्यांत करत नाही.

टोपलीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. पुढे एक गाय, मागे तीन शेळ्या, मध्ये आम्ही दोघं. कंपाउंडरनं केसपेपर काढला आणि त्याचं पेन थांबलं.

"मांजराला रकाना नाही."

मी वाकून पाहिलं. गाय, बैल, म्हैस, रेडा, शेळी, मेंढी, कोंबडी. मी विचारलं, "आणि 'इतर'?"

"इतर छापायचं राहिलं वाटतं. कोंबडीत घालू?"

ही म्हणाली, "कोंबडीत नको हो! ती कोंबडी खाते."

कंपाउंडरनं टोपलीकडे एकदा पाहिलं आणि 'शेळी'वर बरोबरची खूण केली. नोकरीत असे रकाने मीही भरलेले आहेत.

डॉक्टर सोलापूरकडचा, अगदी कोवळा. त्यानं ठमीचा ओठ वर उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक. गळ्याखाली गाठी. मग खाली बघत म्हणाला, "नाना, खरं सांगू का? मांजराचा धडा मी परीक्षेत ऑप्शनला टाकला होता."

साठ वर्षांच्या आयुष्यात मला भेटलेला हा पहिला प्रामाणिक सरकारी माणूस!

*

रक्त मुंबईला पाठवायचं ठरलं. डॉक्टरचा वर्गमित्र तिकडे मोठ्या लोकांच्या कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवायचा. इथून मुंबईला कुणीही निघालं की आळीतल्या चार घरांच्या पिशव्या त्याच्या हातात देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. त्या आठवड्यात तात्या लेकीकडे निघाले होते. हसनभाईंनी थर्माकोलची पेटी दिली. त्यात बर्फ, तात्यांच्या लेकीसाठी सुरमई आणि कडेला ठमीच्या रक्ताची बाटली.

तात्यांनी लेकीच्या सासरी बाटलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मांजराचं रक्त घेऊन आलो, हे विहीणबाईंना कसं सांगायचं? पेटी ठेवली आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर विहीणबाई बाटली उजेडात धरून उभ्या. "रत्नागिरीला सुरमईचं रक्त वेगळं देतात वाटतं? कालवणात आधी घालायचं की वरून?"

बाटली वाचली. तात्यांची अब्रू वाचली नाही, आणि त्याचं खापर त्यांनी कायम ठमीवर फोडलं.

*

रिपोर्ट आला. डॉक्टरनं हिला खुर्ची दिली, म्हणजे बातमी वाईट होती. "विषाणू आहे. रक्ताचा कॅन्सर करणारा. बरं करायचं औषध नाही, सांभाळायचं. ताप उतरवायचा, रक्त वाढवायचं, कच्ची मासळी बंद. महिने मिळतील. नशीब असलं तर वर्षही."

ही रडतच घरी आली आणि लांज्याला बहिणीला फोन लावला. "रक्ताचा कॅन्सर निघाला गो," एवढं म्हणाली आणि लाइन गेली. आमच्याकडे लाइन गेली की दुसऱ्या दिवशीच येते.

दुसऱ्या दिवशी लाइनच्या आधी मेहुणी आणि साडू आले. सोबत सहा शहाळी. मी दारात दाढी करत होतो. साडूंनी साबणासकट माझा हात हातात घेतला. "नाना, तुम्ही पहिल्यापासून खंबीर." मेहुणी हिच्या गळ्यात पडली. साडूंनी माझ्या आंब्याच्या कलमांकडे बघून विचारलं, "कलमं कुणाच्या नावावर आहेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "कॅन्सर मला नाही. मांजराला आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. मग साडू म्हणाले, "एक शहाळं मला फोडा. लांज्यापासून एस्टीत उभ्यानं आलोय."

चार वर्षांनी घरी आले होते. मी धडधाकट निघालो म्हणून पुन्हा आले नाहीत.

*

डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "माणसाला होत नाही, नाना. मांजराकडून मांजराला होतो, लाळेतून. एकमेकांना चाटून, एका भांड्यात खाऊन."

"भांड्यात म्हणजे?" हिनं विचारलं.

"ताटली, वाटी. जे काय असेल ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पावसाळ्यात खैरूनभाभींची दोन पिल्लं अशीच पांढरी पडून गेली होती. घरी आल्या आल्या ही गडग्यापाशी गेली आणि करवंटी उचलून बंबात घातली. पलीकडे खैरूनभाभी कपडे वाळत घालत होत्या. हिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझी पिल्लं तुमच्या ठमीनं खाल्ली?"

ही म्हणाली, "किंवा माझ्या ठमीला तुमच्या पिल्लांनी दिलं."

आठ दिवस दोन्ही घरांतल्या बायका बोलत नव्हत्या. मी आणि हसनभाई भाजीबाजारात चोरून भेटत होतो, या वयात!

आणि करवंटी नाही हे आळीनं पाहिलंच. त्या वर्षी हवाच तशी होती. पेपर उघडला की हात काळे व्हायचे, नुसत्या शाईनं नव्हे. चौथ्या दिवशी तात्या आले, दार लोटून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं केलंत, नाना. करवंटी उचललीत ती. मी इतकी वर्षं बोललो नाही. पण मला ते कधीच पटलं नव्हतं."

"तात्या, मांजराला रोग झालाय. म्हणून उचलली."

तात्यांनी डोळा बारीक केला. "कळतं हो. कारण काहीतरी द्यावंच लागतं."

*

नवव्या दिवशी खैरूनभाभी पुढच्या दारानं आल्या. हातात झाकलेला वाडगा. आत उकडलेली मुडदुशी, काटा न् काटा काढलेली. आमच्याकडे मुडदुशी बाळंतिणीला देतात आणि आजाऱ्याला. हिनं वाडगा घेतला, त्यांना पाट दिला. ठमीनं तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड लावलं. तेव्हा दोघीही एकदम रडायला लागल्या. मी 'बाहेर कोण आलंय बघतो' म्हणून उठलो. बाहेर कुणी नव्हतं.

*

आता ठमीला घरात कोंडायचं होतं. कोकणातलं घर म्हणजे मांजराच्या दृष्टीनं नुसती दारं. हसनभाईंनी जुनं मासेमारीचं जाळं आणलं आणि जहाजावरच्या गाठी मारून आमच्या सगळ्या खिडक्यांना बांधलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, "नाना, घरात मासे येतात काय?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. सगळ्यांचा सल्ला एकच, पोत्यात घालून जेटीवर सोडा. नको झालेलं मांजर जेटीवर सोडायचं, ही आमच्याकडची भूतदया आहे. तिथे मासळी पडलेली असते, मांजर उपाशी मरत नाही, आणि मेलं तरी आपल्याला दिसत नाही. तात्या तर म्हणाले, "पोतं मी देतो!"

मी सांगितलं, "तात्या, जेटीवर पन्नास मांजरं आहेत. त्यांना हा रोग लागेल."

"लागू दे की. ती कुठे आपल्या आळीतली आहेत?"

*

गोळी देणं हे स्वतंत्र काम होतं. आडदांड खलाशांना धाकात ठेवलेला माणूस म्हणून ते हसनभाईंकडे दिलं. त्यांनी ठमीला पंच्यात गुंडाळलं, मांडीत घेतलं, जबडा उघडला, गोळी टाकली. ठमीनं डोळे मिटले. हसनभाई म्हणाले, "बघा! हात लागतो त्याला."

ठमीनं डोळे उघडले आणि गोळी हसनभाईंच्या दाढीत थुंकली. असं सात वेळा. आठव्यांदा त्यांचा अंगठा फुटला.

खैरूनभाभी दारातून म्हणाल्या, "तीस वर्षं मी इथे दुवा मागत बसले. मला वाटायचं जहाज हे चालवतात!"

त्यानंतर गोळी खैरूनभाभीच देत. मुडदुशीत दाबून, 'शहजादी' म्हणून. ठमी म्हटलं की ती तोंड उघडायची नाही. ही ते ऐकून घ्यायची. फार अवघड गेलं असणार तिला.

*

दर आठवड्याला दवाखान्यात जायचं. इंजेक्शन, कधी सलाइन. कागदावर ते सगळं शेळीला चाललं होतं. वरच्या ऑफिसातल्या कुण्या साहेबाच्या नजरेत आलं की रत्नागिरीत एक शेळी गेले चार महिने उपचार घेतेय आणि अजून जिवंत आहे. इतके महिने आमच्या दवाखान्यात जनावर सहसा टिकत नाही आणि डॉक्टरही टिकत नाही. साहेब म्हणाले, ही शेळी मला बघायची आहे.

डॉक्टर आमच्या पडवीत येऊन बसला. रडायचाच बाकी. "नाना, मांजराला सरकारी औषध दिलं म्हणून लिहितील. नोकरी जाईल माझी."

बकरी ईद आठवड्यावर आली होती. हसनभाईंकडे ईदचा बकरा बांधलेला. त्यांनी दोरी सोडली, बकरा गडग्यावरून उचलून आमच्या अंगणात ठेवला आणि आमच्याच कलमाला बांधला.

साहेब आले. बकऱ्याला खालून वरून पाहिलं. तकतकीत, दोन माणसांना ओढत नेईल असा. साहेब खूश झाले. मग जरा वाकले आणि थबकले.

"ही... शेळी आहे?"

कंपाउंडर पुढे झाला आणि केसपेपर समोर धरला. "साहेब, कागदावर शेळी आहे."

साहेबांनी कागद पाहिला. बकऱ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. "उपचार असे हवेत! हिचा फोटो काढा."

फोटो काढला. त्यात मी आहे, डॉक्टर आहे, बकरा आहे. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळ्यापाठीमागे, ठमी आहे. तिला आता उभं राहता येत नव्हतं, म्हणून हिनं तिला तिथे उन्हाला ठेवलं होतं. तोंडात फोड, अंगावर नुसतं कातडं. ती तिथून आपलं बरं होणं बघत होती.

फाटकाबाहेर तात्याही उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. फक्त बकरा कुठून आला आणि रात्री गडग्यावरून परत गेला, एवढंच नेमकं पाहिलं नव्हतं.

*

ठमी ईदच्या दिवशी सकाळी गेली. हिच्या मांडीवर. आदल्या दिवसापासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. डॉक्टर येऊन गेला होता. तो म्हणाला, "एक इंजेक्शन देऊ शकतो, झोपेतच जाईल." ही नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तो तासभर बॅग मांडीवर घेऊन बसला आणि तसाच गेला. आम्ही तिला तो तास, आणि त्यापुढचे पंधरा, का सोसायला लावले, ते मला अजून सांगता येत नाही. हा किस्सा मी कट्ट्यावर सांगत नाही.

हसनभाई नमाजाहून आले ते थेट आमच्याकडे. नवे पांढरे कपडे. गडग्याच्या कडेला खड्डा घ्यायचा होता. जांभ्यात कुदळ चालत नाही, पहार लागते. मी पहार उचलली तर त्यांनी ती काढून घेतली. "नाना, तुमच्यानं व्हायचं नाही." तासभर खणत होते. तांबडी माती घामात भिजून पार कोपरापर्यंत, कपड्यांवर, दाढीवर. खैरूनभाभींनी आपली ओढणी दिली. हिनं टोपली दिली. ओढणीत गुंडाळून टोपलीत ठेवून आम्ही तिला पुरलं. वर हातभर लांबीचा ढीग झाला. हिनं त्याच्यावर एक नवी करवंटी पालथी ठेवली.

त्यांच्या घरी त्या दिवसाचा बकरा दुपारपर्यंत तसाच राहिला. मग भावाच्या मुलांनी येऊन कुर्बानी केली. वाटे गरिबांना, नातेवाइकांना गेले. हसनभाई आणि खैरूनभाभी जेवले नाहीत. हे आळीला माहीत नाही, कारण न जेवलेलं कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी आम्ही चौघं ढिगापाशीच बसलो होतो. हसनभाईंनी कपडेही बदलले नव्हते. तेवढ्यात फाटक वाजलं. तात्या. त्यांच्यामागे आळीतली आणखी दोघं.

तात्यांनी कलमाकडे पाहिलं. तिथे दोरीचा घासलेला वळ तेवढा होता. मग हसनभाईंच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत तांबडे.

"नाना, जरा इकडे या."

"इथेच बोला, तात्या."

"मांजर गेलं, ऐकलं. वाईट झालं." तात्यांनी घसा साफ केला. "पण तुमची शेळी दिसत नाही."

"तात्या, आमच्याकडे शेळी नव्हती."

"मी डोळ्यांनी पाहिली. साहेबांनी फोटो काढला. कंपाउंडरला आत्ता घरी गाठून विचारून आलोय, चार महिन्यांचा केसपेपर आहे तुमच्या नावावर." तात्या माझ्यापेक्षा वरच्या टेबलावरून रिटायर झालेले. "कागदावर शेळी आहे, नाना. घाबरू नका. आम्ही पाठीशी आहोत. तुम्ही फक्त तक्रार द्या."

मागचे दोघं हसनभाईंच्या पडवीकडे बघत होते. तिथे पातेली धुऊन पालथी घातली होती. खैरूनभाभींनी डोक्यावर ओढणी घेण्यासाठी हात वर नेला आणि ती आता नाही हे लक्षात येऊन तो हात तसाच खाली आणला. हसनभाई जमिनीकडे बघत होते.

चौतीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो होतो, कागद आणा.

ही उठली. चार महिने रात्रंदिवस त्या मांजरापाशी बसलेली बाई, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ढिगाकडे बोट केलं.

"शेळी इथे आहे, तात्या. आज सकाळी गेली."

तात्या दोन पावलं पुढे आले. वाकून पाहिलं. हातभर ढीग, वर पालथी करवंटी.

"एवढीशी?"

हसनभाईंनी मान वर केली.

"आजारी होती हो," ते म्हणाले.